थांबवलेल्या बसेस

प्रिय उस्मान,

माझ्यावर इथे घोर अन्याय झालेला आहे आणि तो तू टोपी काढून, गंभीर चेहऱ्याने ऐकून घ्यावास. आमच्या विद्यापीठात छपराखालची एक पार्किंगची जागा माझी होती. मस्कतच्या उन्हात छप्पर म्हणजे काय, हे इथल्या गाला भागातल्या गॅरेजात अर्धं आयुष्य घामात घालवलेल्या तुला मी काय सांगणार! त्या जागी आता फुटबॉलचा जादा गोलपोस्ट विश्रांती घेतो. उन्हात त्याचा रंग उडतो म्हणे. माझा उडालेला चालतो. दुपारी स्टिअरिंगला हात लावला की तळव्याचा पापड होतो.

हसून घे. पुढचं हसण्यासारखं नाही. परवा आमचा अंतिम सामना आहे, डोंगराकडे पावसाचा इशारा आलाय, आणि मुलींच्या बसेस सामना संपेपर्यंत थांबवायच्या की नाही, हे मला उद्या सकाळी डीनसाहेबांना सांगायचंय. मला भीती वाटतेय. अक्षर वाकडं दिसलं तर वयावर ढकलू नकोस.

आमचं विद्यापीठ म्हणजे पदव्या वाटणारा बसस्टँड, हे तू जाणतोसच. सकाळी बसेस आणि गाड्या मुलं ओततात, तीनला भरून नेतात, मग कॅम्पसवर मांजरं आणि वॉचमन. वसतिगृह नाही, कट्टा नाही, मैत्री झालीच तर ती पार्किंगमध्ये. नवे डीन परदेशात शिकलेले. तिथली भरलेली स्टेडियमं पाहून आले आणि विद्यार्थी विभागातल्या मला म्हणाले, मिस्टर रमण, मला इथे कॅम्पस लाइफ पाहिजे, टीमला फॅन्स पाहिजेत. जणू गोडाऊनमधून दोन खोकी काढून द्यायची होती. पहिल्या सामन्याला प्रेक्षकांत मी, वॉचमन आणि गोलकीपरचा मामा. त्यातला मामा झोपलेला. दुसऱ्याला मी फुकट बिर्याणी ठेवली. गर्दी उसळली, बिर्याणी गाडीत बसून खाल्ली गेली आणि शिट्टी वाजायच्या आत गाड्या गेल्या.

मग डोक्यात प्रकाश पडला. इथे पाच पोरं मिळून एका गाडीने येतात. गाडीवाला निघाला की पाचही निघाले. म्हणजे पोरं पटवून उपयोग नाही, ज्याच्या हातात स्टिअरिंग तो पटवायचा. मी गाडीवाल्यांना मैदानालगतची जागा दिली, त्यांना मानाच्या पहिल्या रांगेत बसवलं, आणि एकेका गाडीवाल्यामागे चार-चार चाहते आपसूक अडकले. राहिल्या मुली. त्या बसने जाणाऱ्या. मी डीनसाहेबांची परवानगी काढली: सामन्याच्या दिवशी बसेस शेवटच्या शिट्टीनंतर सुटतील. खलास! बाकं भरली. उस्मान, मी आयुष्यभर गर्दीची टिंगल करत आलो, आणि त्या बाकांवर उभा राहून घसा फुटेस्तोवर ओरडलो. कुणाला सांगू नकोस.

तुझी लेक मेहविश आठवते ना तुला कशी होती? तू रत्नागिरीला परत गेलास, ती शिकायला इथे तुझ्या अमीरुन्निसाआपाकडे राहिली, तेव्हा मान वर करून बोलायची नाही. तिसऱ्या सामन्याला तिने पाण्याच्या कूलरची निळी रिकामी बाटली मांडीवर घेतली आणि तुमच्या घरच्या लग्नांत आपा ढोलकीवर धरायची तो ठेका धरला. अरबी घोषणा, कोकणी ठेका. ओमानी पोरी नाचायला लागल्या. आता तिने हात वर केला की सगळी बाकं गप्प होतात आणि खाली आणला की छत हलतं. कॅम्पसवर तिला सगळे ‘कॅप्टन’ म्हणतात. टीमच्या खऱ्या कॅप्टनला कुणी ओळखत नाही.

आता ऐक. मागच्या सामन्यानंतर मेहविश मैत्रिणीकडे राहिली, असं आपाने तुला सांगितलंय. तसं सांगा असं मीच तिला विनवलं होतं. मेहविश मैत्रिणीकडे नव्हती. ती बसमध्ये होती.

आमच्यावर ऊन होतं, पण डोंगरावर ढग काळा झाला होता. मला दिसला होता. सामना जादा वेळेत गेला आणि मी बस सोडली नाही. आपण जिंकलो, मी पोरांसारख्या उड्या मारल्या, बस गेली. मग आपाचा फोन. “रमणभाई, पोरगी अजून पोचली नाय. वादी आलीय म्हणतात.” वादी तू पाहिली आहेस: वर्षभर दगडांचं कोरडं पात्र, त्यातूनच रस्ता जातो, आणि डोंगरात पाऊस झाला की अचानक भिंतीसारखं पाणी. ड्रायव्हर तौहीदचा फोन लागेना. मी गाडी काढली. पोलिसांनी जिथे अडवलं तिथे पाण्याची खोली दाखवणारे लाल-पांढरे खांब असतात ना, ते दिसतच नव्हते. दिव्यांच्या उजेडात एक पाण्याची टाकी वाहत गेली, मग बाभळीचं झाड, मग काहीतरी पिवळं. आमची बस पिवळी आहे. मी रस्त्यावर बसलो. ते पिवळं पिंप होतं, पण ते पोलिसाने मला सांगेपर्यंत मी तुला काय सांगायचं याची पहिली ओळ मनात जुळवली होती. ती ओळ अजून जात नाही रे. दाढी करताना येते, घास घेताना येते.

तौहीदने दोन प्रवाहांमधल्या उंचवट्यावर बस चढवली होती. तिथे रेंज नव्हती. पाणी उतरल्यावर सगळी सुखरूप आली. मेहविश हसत उतरली, म्हणाली, “चाचा, आम्ही पूर्ण टाइम गाणं केलं!” मला तिच्याकडे बघवेना.

आता डीनसाहेब म्हणतात, फायनलला पाहुणे येणार, टीव्हीवाले येणार, बसेस थांबवा. पाऊस पडेलच असं थोडंच आहे. वर हसून म्हणतात, बाकं रिकामी राहिली तर मग तुमचं इथे काय काम, मिस्टर रमण? माझा व्हिसा जूनमध्ये संपतोय, हे त्यांनाही माहीत आहे. आणि मेहविश काल माझ्या टेबलाशी येऊन रडली. “चाचा, तू आमची टीम मारतो. इन्शाल्ला काही नाही होत.” तिला काय सांगू? डीनसाहेबांपेक्षा मला तिचीच भीती जास्त वाटते. तिने पुन्हा मागितलं तर मी हो म्हणेन.

म्हणून तुला लिहितोय. तुझी क्षमा मागायला नाही; ती तू देशील, तू तसाच गाढव आहेस. एकदा तुला सगळं सांगितलं की उद्या त्या केबिनमध्ये मला ‘हो’ म्हणता येणार नाही, एवढ्यासाठी. या पत्राचा फोटो काढून आत्ता पाठवतो, म्हणजे माघार नाही. परवा बसेस तीनला सुटतील. मेहविश तुला फोन करून माझ्या नावाने बोटं मोडेल. तिचीच बाजू घे, मला शिव्या दे. जूनमध्ये तिकडे आलोच तर एखादी खोली बघून ठेव. आणि हो, त्या दिवशी बसमध्ये तौहीदने स्वतःचा डबा उघडून पोरींना घास घास वाटला होता आणि तो उपाशी राहिला होता, हे मेहविशकडून कळलं. आज हमरियाच्या बाजारातून सुरमई आणली, जमेल तसं कालवण केलं, भाताबरोबर डब्यात भरलं, आणि तो नमाजाला गेला असताना बसमध्ये त्याच्या सीटवर ठेवून आलो.

तुझाच, भेदरलेला,
रम्या