दोन टप्प्यांच्या मधले रेणू

१२ एप्रिल २०१६, मंगळवार

चूक माझीच आहे. तीनदा तपासलं.

कॉम्प्युटरमध्ये एका बिंदूवर रेणू सोडायचे. ते द्रवात वाट फुटेल तिकडं भटकतात. पलीकडच्या पेशीला किती शिवले ते मोजायचं — पुरेसे शिवले तर निरोप पोचला. उद्या कधीतरी शरीरातल्या औषधाला असेच निरोप देता येतील, म्हणून हा सगळा खटाटोप. पाच वर्षं! आणि मी वेळेचा टप्पाच मोठा ठेवलेला. दोन टप्प्यांच्या मधे रेणू पेशीला शिवून पुढं जायचा, प्रोग्रॅमला पत्ताच नाही. आज टप्पा शंभरपट लहान केला. आलेख पार बदलला. म्हणजे गेल्या महिन्यात छापून आलेल्या पेपरातला आलेख चुकीचा.

पेपरवर तीन नावं — माझं, सावनीचं, आमचे गाइड विश्वजित सरांचं. सावनीचा तर अख्खा प्रबंध माझ्या प्रोग्रॅमवर उभा आहे. तिची तोंडी परीक्षा ९ मेला.

१३ एप्रिल

सरांना दाखवलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"मोनिका, आता नाय. सावनीला पुण्याची नोकरी पीएचडीच्या अटीवर मिळालीय. वडील नाहीत पोरीला. तिचा विचार कर. परीक्षा होऊ दे, मग बघू."

मी हो म्हणाले. लगेच हो म्हणाले!

१७ एप्रिल, रविवार

आमच्या गारखेड्यात नळाला पाणी नाही, नववा दिवस. समोर सात मजली इमारत उठतेय, तिथं मात्र रोज टँकर रिकामा होतो. सावनी स्कूटीवर दोन कॅन घेऊन आली. मुकुंदवाडीत त्यांच्या बोअरला अजून पाणी आहे म्हणे. तीन जिने चढून घामाघूम.

"अजून लागलं तर फोन कर हां, मोनिकाताई."

तयारी कुठवर आली, विचारलं. "चाललीय," एवढंच. माझ्याकडं बघितलं नाही. मीही नाही.

२१ एप्रिल

त्रेचाळीस अंश. दुपारी वीज गेली, प्रोग्रॅमचं सहा तासांचं रन वाया. पुन्हा लावलं. तोच आकडा.

२८ एप्रिल, गुरुवार

जेवताना आईनं विचारलं, "तुझे ते कण पोचले का गं?" तिचा रोजचा प्रश्न. रोज मी हसते, आज रडायलाच आलं. सगळं सांगून टाकलं.

"सावनीला सांगितलंस?"

"तिचं लई नुकसान होईल, आई."

"तिचं नुकसान तू ठरवणार व्हय?"



१ मे, रविवार

उद्या सांगते. सरांना न विचारता. पेपर मागं घ्यावा लागेल — पहिलं नाव माझं. पण त्याचं काही नाही. परीक्षेला आठवडा राहिलाय आणि मी त्या पोरीच्या हातची नोकरी घालवणार! ती पुन्हा माझ्याशी बोलायची नाही.

२ मे

सांगितलं. सावनी रडली नाही, चिडली नाही. तिला ती चूक जानेवारीतच सापडली होती. सरांकडं गेली होती. सर म्हणाले होते — "आता नाय. पहिलं नाव मोनिकाचं आहे. तिचा विचार कर."

पेपर आम्ही फेब्रुवारीत पाठवला.