पोट चोळणाऱ्यांना काही नाही

मी, मोंघीबेन वल्लभभाई रामोलिया, वय एकाहत्तर, राहणार जेतपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. राग आहे, तो वेगळा.

१. साड्या छापण्याच्या कारखान्यात राबून घेतलेलं राहतं घर माझी नात ऋत्वी हिला मिळावं.

२. थोरले दीर गोरधनभाई यांना काहीही देऊ नये, चमचासुद्धा नाही. माझा मुलगा पराग उजवी कूस धरून तळमळत होता, तेव्हा "पेचोटी सरकली आहे, बेंबी जागेवर बसवतो," म्हणत यांनी त्याचं पोट रगडलं. अपेंडिक्स आत फुटलं, पराग गेला. सासरे आणि धाकटे दीर माझ्या लग्नाआधी असेच गेले होते, हे यांना ठाऊक होतं. माझ्या सोयरिकीच्या वेळी मात्र "अल्प आजार" म्हणून सांगितलं. मला फसवून आणलं आणि वर नशिबाला बोल लावला.

३. यंदा ऋत्वीचं पोट दुखलं तर हे पुन्हा बाह्या सारून हजर! मी दारात आडवी झाले. ऑपरेशन वेळेत झालं. डॉक्टर म्हणाले, "बा, याचा धोका रक्तातून येऊ शकतो. सगळ्यांनाच होईल असं नाही. पण तुमच्यात कुणाचंही पोट असं दुखलं तर चोळत बसू नका, थेट इकडे आणा." त्यावर गोरधनभाई जिन्यातच मला म्हणाले, "वहू, तोंड बंद ठेव. आपल्या पोरी कोण करून घेईल?"

४. म्हणून मी गेल्यावर माझ्या बेसण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या, पेपरातल्या जाहिरातीत माझ्या फोटोखाली सासरे, धाकटे दीर आणि पराग या तिघांची नावं द्यावीत, "अपेंडिक्सने गेले" असं स्पष्ट छापावं आणि डॉक्टरांचं सांगणंही छापावं. माझ्या पाटल्या विकून जाहिरात मोठी घ्यावी. ऋत्वीची सोयरीक मोडली तर मोडू दे. पोरगी जिवंत तर राहील.

५. पितळेची भांडी

इथेच थांबते. साक्षीला बोलावलेली गोरधनभाईंची सून कोकिला कलम चार वाचून रडायला लागली. "काकी, माझी दिशा सकाळपासून उजवी कूस धरून पडली आहे. बापुजी म्हणाले, कुणाला सांगायचं नाही, संध्याकाळी चोळून देतो."

साक्षीलाच आलेल्या शेजारच्या दामजीभाईंनी रिक्षा सुरू केली आहे. भांडी गेली खड्ड्यात. सही करून आम्ही दिशाला घ्यायला निघालो.

सही : मोंघीबेन वल्लभभाई रामोलिया
साक्षीदार : १. दामजीभाई पिठवा, शेजारी
२. कोकिला, गोरधनभाई रामोलियांची सून
जेतपूर, १८ जानेवारी २०१९