हिरवा दिवा

मंगळवार, संध्याकाळ. हूटगळ्ळी

जिंकलो! मामाच्या रेशीमकिड्यांच्या खोलीसाठी केलेल्या यंत्रात तापमानाचा आकडा आठवडाभर नाचत होता. सेन्सर बदलला, वायरी बदलल्या. छे! आणि उद्या तर बसवायचंय. याच आकड्यावर हीटर चालतो; तो भलत्या वेळी पेटला तर किडे मरतील.

आज आईनं कॉफी ठेवता ठेवता विचारलं, “अय्यो, तो हिरवा दिवा कशाला रे लुकलुकतोय?”

“सगळं ठीक आहे, हे कळायला,” मी म्हणालो आणि थबकलो. दिवा लागला की आकडा उडत होता! या चिपच्या आतली जोडणी प्रोग्राममधूनच ठरते, आणि तिथे दिव्याची आणि सेन्सरची लाइन मीच शेजारीशेजारी नेली होती; दिव्याचा झटका सेन्सरला बसत होता. गाढव मी! दिवा लांबच्या पिनवर नेला, प्रोग्राम पुन्हा भरला.

आकडा गप्प! हिरवा दिवा अजून लुकलुकतोय, पण आता खरं बोलतोय.