बाईसाहेब रुसल्या

४ जानेवारी

बाबा आले! बरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि मांडीवर कुंडी. टॅक्सीत रस्ताभर कुंडी तशीच धरून बसले होते म्हणे. सासूबाईंचं क्रोटन. लाल शिरा, पिवळे ठिपके – नटवं झाड! सासूबाई गेल्यापासून बाबा त्याला 'बाईसाहेब' म्हणतात. मला वाटलं मलाच हाक मारतायत. दोनदा धावले.

मी कपाटातले दोन कप्पे रिकामे करून ठेवलेत. पण बाबा कपडे ट्रंकेतून काढतात, वाळले की परत ट्रंकेतच! म्हटलं, "अहो बाबा, कपाट आहे ना." तर म्हणाले, "राहू दे गं. थोडे दिवस बघू. बाईसाहेबांना इथलं मानवलं तर मलाही मानवेल. नाहीतर आमचं घर आहेच."

त्या घरात एकटे! गॅसवर दूध ठेवतात आणि पेपर वाचत बसतात. मी नाही जाऊ देणार.

९ जानेवारी

पानं गळायला लागली. बाबा रोज सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसतात, "काय बाईसाहेब, आज काय बिनसलं?" म्हणून विचारतात – आणि पान हातात येतं.

मी पाणी घातलं. संध्याकाळी कळलं, सकाळी नवऱ्यानं घातलं होतं. दुपारी बाबांनी. कोणी कोणाला सांगेल तर शपथ! अति तिथे माती म्हणतात, इथे नुसता चिखल झालाय.

१५ जानेवारी

एक दांडका उरलाय. बाकी काही नाही.

बाबा जेवताना नुसता भात चिवडत होते. शेवटी म्हणाले, "करमत नाही तिला इथं." कोणाला करमत नाही ते मला कळत नाही का?

नवरा म्हणतो, "झाड आहे ते, त्याचं काय एवढं?" दिवसभर लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करून वर चढवतो, पण याच्या डोक्यात काही चढेल तर ना!

१८ जानेवारी

बाबांचं ठरलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. छान झालं. आजची रात्र दवाखान्यातच, नवरा सोबतीला आहे.

आणि मी घरी एक उद्योग करून ठेवलाय.

नर्सरीत गेले, अगदी तसंच क्रोटन शोधलं. लाल शिरा, पिवळे ठिपके, उंचीही तीच. घरी आणून सासूबाईंच्या कुंडीत लावलं. देवा, त्या बाईंनी वरून पाहिलं असेल तर माझं काही खरं नाही!

नर्सरीतून निघताना तिथल्या माणसाला सहज सांगितलं होतं की आधीच्याची सगळी पानं गेली. तर म्हणतो, "जागा बदलली की क्रोटन रुसतं, ताई. पानं टाकतं. मेलेलं नसतं. पाणी कमी करायचं आणि गप्प राहायचं."

"अहो, हे आधी सांगायचं नाही का!"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

दांडका फेकवेना. डब्यात लावून उद्या मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात नेते. मागच्या खोलीच्या खिडकीत राहील बापडा.

१९ जानेवारी

बाबा घरी. काळा गॉगल लावून कुंडीपाशी गेले, पानं चाचपली. "अरे! बाईसाहेब तरारल्या की!" त्यांचा चेहरा असा फुलला की मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं आनंदानं. एका रात्रीत एवढी पानं कुठून आली, हे नवऱ्यानं विचारलंही नाही; झाडाकडे तो बघतो कुठं!

७ फेब्रुवारी

बाबांना लांबचं लख्ख दिसतं, जवळचं मात्र धूसर. चष्म्याचा नंबर महिन्याभरानं. तोवर मी सुरक्षित!

झाड मस्त आहे. बाबा दोन वेळा हसले आज. ट्रंक मात्र जागच्या जागी.

२० फेब्रुवारी

नंबर मीच काढला. चष्म्याच्या दुकानात काम करते ना, दुसरं कोण काढणार! फ्रेमही मीच निवडली. आता चष्मा लागला की त्यांना एकेक ठिपका दिसणार. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर कुऱ्हाड, तीही मोजून मापून.

२६ फेब्रुवारी

चष्मा तयार आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. घरी सांगितलं, "काचा यायच्यात अजून."

मालक म्हणाले, "सासऱ्यांचा चष्मा नेला नाहीस?" म्हटलं, विसरले. लोकांना म्हणते, चष्म्याला उशीर करू नका, डोक्याला त्रास होतो. वा रे मी!

२ मार्च

बाबांनी चहात मीठ घातलं. प्यायलेही. वर म्हणाले, "चुकलं असेल माझंच. तुझ्या काचा येतील तेव्हा येतील, घाई नको करू हो."

लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

३ मार्च

सकाळी दुकानाची मागची खोली उघडली आणि किंचाळलेच! दांडक्याला कोंब! दोन लाल-हिरवी टोकं, उंदराच्या कानाएवढी. मालक झाडू घेऊन धावत आले, त्यांना वाटलं पाल.

ठरलं. एका पिशवीत चष्मा, एका पिशवीत डबा. घरी आले आणि बाबांच्या पुढ्यात दोन्ही ठेवलं. सगळं सांगितलं. नवं झाड, दांडका, ड्रॉवर, सगळं. नवरा तोंड उघडं टाकून बघत राहिला.

बाबांनी चष्मा लावला. आधी कुंडीकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग माझ्याकडे. आणि उठून आत गेले. थोड्या वेळानं ट्रंक ओढल्याचा आवाज आला. पत्रा फरशीवर किती वाईट वाजतो!

"चूक तुझी नाही," नवरा म्हणाला. माझीच आहे. जेवले नाही.

४ मार्च

सकाळी उठले तर ट्रंक गॅलरीत. उपडी. वर सासूबाईंची कुंडी आणि शेजारी माझा डबा. बाबा नवा चष्मा लावून कोंब निरखत होते. कपाटाचे दोन्ही कप्पे भरलेले!

मला बघून म्हणाले, "तुझ्या सासूनं चारदा बदललं होतं हे झाड. मी गावाला जाऊन आलो की नवीन. तिला वाटायचं मला कळत नाही. मी कधी बोललो नाही."

मग डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पण ती जुनं फेकून द्यायची गं. ठेवलंस ते तूच."