पिवळं मीटर उघडलं तेव्हा

बाबा, तुमचं लाईन तपासायचं पिवळं मीटर मी काल उघडलं. तुम्ही गेल्यापासून आईनं ते लुगड्याच्या चिंधीत बांधून माळ्यावर ठेवलं होतं. तिला ते फेकवत नव्हतं आणि बघवतही नव्हतं. "त्या डबड्यानं माझं घर बुडवलं," हेच ती इतकी वर्षं म्हणत आली. कळमनुरीच्या बाजारातून तुम्ही ते घासाघीस करून आणलं तेव्हा मी शाळेत होते. घरी येऊन चुलीसमोर बसता, पहिलं काम म्हणजे मागचे स्क्रू काढता, आणि आई ओरडते, "नवं कोरं आणलं अन् खोलून काहून राहिले?" तुम्ही हसता. "सस्तातलं हाये. पोटात काय हाये ते पाहिल्याबिगर याच्यावर जीव कसा टाकू?" मीटरच्या फिरत्या चकतीखालची बारीक लोखंडी गोळी उडून पिठात पडली आणि ती शोधायला मी उठले, तर केवढ्यानं खेकसलात माझ्यावर! मग समजूत काढायची म्हणून तुमचा नियम शिकवलात. लाईन बंद करायच्या आधी मीटर लावायचं आणि बंद केल्यावर परत लावायचं. आकडा होता आणि गेला, तरच तारेला हात.

हा नियम तुम्ही मोडाल हे मला कधी पटलं नाही. त्या दिवशी शिरड शहापूरच्या शिवारात, काकांच्या विहिरीवर, तुम्ही मोटरीचं स्टार्टर खोलून बसला होता. काका म्हणजे तुमचे जिवाभावाचे दोस्त, म्हणून ते बांधापलीकडच्या मेन स्विचपाशी उभे राहिले. तिसरं माणूस तिथं नव्हतं. तुम्हाला घरी आणलं तेव्हा काका आईपुढे रडत म्हणाले, "वहिनी, लाईन चालूच व्हती. मी म्हनलं बंद करतो, तर ते म्हनले, मीटर बंद दावून राहिलं. मीटरनं दगा दिला." आम्ही ते मानलं. मानलं नसतं तर दुसरं काय मानायचं होतं?

आता मीही हिंगोलीत तुमचाच वायरमनचा धंदा करते. काल भर दुपारी मीटर पेपरवर उलटं टाकून खोललं. फ्यूज शाबूत, जोडांवरचे कथलाचे डाग सगळे चकचकीत, आतली पट्टी कुठं जळलेली नाही. वायरी ओढून, पिळून पाहिल्या. नवी बॅटरी घातली, भिंतीतल्या प्लगला लावलं, शेजारी माझं महागाचं मीटर लावलं. दोन्हींचा आकडा एकच. वायरी हलवल्या तरी तुमचा आकडा ढळला नाही. बाबा, हे मीटर खोटं बोलत नाही. म्हणजे तुम्ही पाहिलं तेव्हा लाईन खरंच बंद होती आणि मागून कुणीतरी ती चालू केली. चुकून की मुद्दाम, ते काही मीटर सांगत नाही.

तेवढ्यात काकाच दारात. दरवर्षीसारखी आईसाठी हळद घेऊन आले होते. पेपरवरचं मीटर पाहून उंबऱ्यातच थांबले.

"ते काहून खोललं, लेकरा?"

"सहजच, काका."

"खराब व्हतं ना?"

खाई त्याला खवखवे, म्हणतात. मी वर न बघता म्हटलं, "व्हय, खराबच होतं."

मग ते आत आले, चहा प्याले, आईशी पावसापाण्याचं बोलले. निघताना म्हणाले, "माहं स्टार्टर बिघडलं. परवा येऊन पाह्य बरं. मेन स्विचपाशी मी थांबतो." मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं, की मला कळलंय.

उद्या मेन स्विच मी माझ्या हातानं बंद करणार आणि त्याला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचणार. तुमचंच मीटर नेणार. हे पत्र कुठं पाठवायचं नाही आणि घरातही ठेवायचं नाही, आईच्या हाती लागेल. तिला मी मीटर खराबच निघालं असं सांगितलं. कळलं असतं तर इतकी वर्षं पोटात गेलेल्या त्या हळदीचं तिनं काय केलं असतं?

आज वरणात मी तीच हळद टाकली, बाबा. दोघींनी जेवून घेतलं.