मिठागरातले निरीक्षण

सर,

तुमची निळ्या पुठ्ठ्याची निरीक्षणवही गेल्या आठवड्यात काकूंनी माझ्या हाती दिली. डोंबिवलीचे घर आवरताना ती पोटमाळ्यावर सापडली. "यांच्यापेक्षा तुझंच अक्षर जास्त आहे हिच्यात. तूच ठेव गं," एवढेच त्या म्हणाल्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली, तरी वही टेबलावर ठेवताच मी नकळत सरळ बसले. तीन दिवस ती उघडली नाही. तिच्यातले एक निरीक्षण खोटे आहे, ते माझ्या हातचे आहे, आणि ते मी तुमच्या देखत लिहिलेले आहे.

खोटे निरीक्षण म्हणजे काय, हे तुम्हीच मला नववीत शिकवले होते. लंबकाचा प्रयोग होता. वीस आंदोलनांचा वेळ पाच वेळा घ्यायचा. मी दोनदा घेतला आणि उरलेले तीन आकडे सूत्रावरून मागे जाऊन काढले. माझा तक्ता वर्गात सर्वांत देखणा होता. तुम्ही तो पाहिलात, चष्मा कपाळावर सरकवलात आणि विचारलेत, "हे मोजलंस की रचलंस?" मी खाली पाहत राहिले. वर्गात कोणाशी फारसे न बोलणाऱ्या मुलीजवळ तिचा पहिला नंबर तेवढा होता. तुम्ही पान फाडलेत, त्याचे चार तुकडे केलेत आणि ते माझ्याच तळहातावर ठेवलेत. "घड्याळ चुकलं तर चुकलेलं लिही. हात थरथरला तर थरथरलेलं लिही. रचायचं नाही. पहिल्या नंबराला इथे सूट नाही." मागच्या बाकावरून कोणीतरी हसले. ते चार तुकडे दहावी संपेपर्यंत माझ्या कंपासपेटीत होते, हे तुम्हाला कधी कळले नाही.

तरी तुमच्या घरी येणे मी सोडले नाही. तुमची मागची गॅलरी अर्धी काकूंची आणि अर्धी तुमची होती. एका बाजूला लोणच्याच्या बरण्या, दुसऱ्या बाजूला प्लायवूडचे तुकडे, सरस, तारा आणि उताणे ठेवलेले स्पीकर. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आणि ठाण्याच्या वाचनालयातल्या व्याख्यानमालेला तुमच्याच हातच्या पेट्या असत. पेटी तयार झाली की तुम्ही डोळे मिटून तिच्यासमोर उभे राहत होता. कोणता सूर मोठ्या वूफरकडे आणि कोणता बारीक ट्वीटरकडे जाणार हे ठरवणारी आतली जोडणी तुम्ही एकट्याने करत होता. तिला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला तुम्हाला खपत नसे. शेवटचा शब्द कानाचा. त्याच सुमारास तुमच्या दाराला चिमणीच्या आवाजाची बेल बसली होती, आणि ती बिघडलेली आहे अशी तुमची कायमची तक्रार होती. "बिघडलेय कसली!" काकू पोळपाटावरून मान न उचलता म्हणत. "चिमणी ओरडून ओरडून मरते. माझी हाक ऐकू येत नाही, आणि अख्ख्या ठाण्याचा आवाज हे लावणार!" तुम्हीही हसत होता. आपण तिघेही हसत होतो.

पुढे मी इंजिनिअर झाले आणि ठाण्यातल्या एका संगणकवर्गात शिकवू लागले. तुम्ही तोवर निवृत्त झाला होतात. एका सहकाऱ्याने दिलेल्या फ्लॉपीत स्पीकर मोजण्याचा आणि त्याची पेटी आखण्याचा प्रोग्रॅम निघाला. त्याची इंग्रजी माहिती मी शब्दकोश घेऊन तुमच्यासाठी मराठीत उतरवली. तिला तुम्ही 'पोथी' म्हणू लागलात. वर्गाचा एक संगणक रविवारपुरता मागण्यासाठी मला किती दिवस धीर गोळा करावा लागला, ते सांगत नाही. प्रोग्रॅमला आधी वूफरची प्रकृती कळायला हवी होती. त्यासाठी त्याच्या कागदी पडद्यावर नेमके वजन चिकटवून त्याचा स्वतःचा सूर किती उतरतो ते पाहायचे होते. तुम्ही सरळ काकूंच्या परातीतून कणकेचा गोळा उचललात आणि तराजूत घातलात. "पोळ्या कमी पडल्या तर त्या भोंग्यालाच विचारा हं," काकू म्हणाल्या. संगणकाने पेटीचे घनफळ सांगितले. ते तुमच्या वर्षानुवर्षांच्या अंदाजाच्या अगदी जवळ होते. "म्हणजे इतकी वर्षं मी बरोबरच चुकत होतो," तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवसापासून यंत्रावर तुमची श्रद्धा बसली. मला आता वाटते, ती बसली नसती तर बरे झाले असते.

कारण त्याच वर्षी वाचनालयाचे कार्यवाह तुमच्याकडे आले. नव्या सभागृहासाठी तुम्ही दोन मोठ्या पेट्या करून दिल्या होत्या. चहाचा कप हातात तसाच धरून ते म्हणाले, "सर, राग मानू नका. पण 'स' आणि 'श' सुईसारखे कानात जातात. पुढच्या रांगेतल्या बायका उठून मागे बसल्या."

"भिंती वाईट आहेत तुमच्या," तुम्ही म्हणालात.

"असतील. पण पुढच्या रविवारी समिती ऐकायला बसणार आहे. नाही पटलं तर तयार पेट्या आणायच्या म्हणतात. मग माझ्या हातात काही राहत नाही."

ते गेल्यावर तुम्ही गॅलरीत जाऊन उभे राहिलात. शाळा सुटल्यानंतर तुमच्याजवळ या पेट्या आणि तुमचे कान एवढेच उरले होते. वळून म्हणालात, "जिथे भिंतच नाही तिथे मोजू. यंत्र सांगेल दोष कोणाचा ते." आणि मी मनोमन देवाला विनवले, की दोष भिंतींचा निघू दे.

समिती बसण्याच्या आधीचा रविवार. टेम्पोत मी संगणकाचा पडदा काकूंच्या गोधडीत गुंडाळून मांडीवर धरला आहे. शीळफाट्यापासून माजिवड्यापर्यंत तुम्ही सभागृहातून आणलेली पेटी हाताने धरून बसला आहात. कोलशेतच्या खाडीकाठचे मिठागर तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरचे. त्याने चौकीतून लांब वायर ओढून दिली आहे. "आमचे मिठाला गानी ऐकवताव काय सर?" तो विचारतो. "गाणी नाहीत रे, एकच सूर. तोही बेसूर," तुम्ही म्हणता. "मंग मीठ आंबट व्हईल ना!" तो हसत निघून जातो. सुकलेल्या खाचरात पेटी, तिच्यापुढे माइक, आणि चारी दिशांना काही नाही. आवाज परत फिरायला जागाच नाही.

पहिली मोजणी होते. पडद्यावरची रेघ डावीकडून, खर्जाकडून, निघते आणि बऱ्यापैकी सपाट चालते; पुढे जिथे वरचे सूर सुरू होतात तिथे ती वळते आणि डोंगरासारखी चढते. भिंत नसताना. तुम्ही म्हणता, "माइक बदल." मी बदलते. डोंगर तिथेच. "पुन्हा." पुन्हा तोच. आठ वेळा मोजून आठ ओळी मी वहीत लिहिते, आणि प्रत्येक ओळीपुढे तुम्ही लाल शाईने खूण करता, शाळेत करत होतात तशी. मग वही मिटून म्हणता, "मी स्वतः ऐकतो. तू एकच सूर लाव आणि चढवत ने. ऐकू येतो तोवर माझा हात वर. थांबला की खाली."

तुम्ही पेटीसमोर उभे राहता, पडद्याकडे पाठ, उजवा हात वर. मी कळ दाबत जाते. हजार हर्ट्झ. दोन हजार. तुमचा हात ताठ आहे. चार हजार. चौकीजवळचे कुत्रे मान उचलते. पाच हजार, आणि तुमचा हात सावकाश खाली येतो.

सूर चालू आहे. बारीक, लखलखीत, माझ्या दातांपर्यंत पोचणारा. कुत्रे उठून उभे राहिले आहे. मी कळ सोडत नाही. आकडे चढत राहतात. कोणत्या कानाने तुम्ही ती पेटी लावली होती ते मला तेव्हा लख्ख कळते. जे तुम्हाला कमी ऐकू येत होते तेच तुम्ही वाढवत नेले होते, तुमच्यापुरते बरोबर होईपर्यंत.

"बंद केलास?" तुम्ही मागे न वळता विचारता.

मी दुसरी कळ दाबून सूर तोडते. "हो सर. तिथेच थांबवला. पाच हजाराला."

तुम्ही येता. पडद्यावरच्या डोंगराकडे पाहता, मग माझ्याकडे. मी खाली पाहत राहते, नववीत पाहत होते तशी. सर, तुम्ही विचारायला हवे होतेत, की थांबवलास तर का. तुम्ही फक्त वही पुढे केलीत. "लिही," म्हणालात. मी लिहिले: 'सूर पाच हजारास थांबवला.' पान फाटण्याचा आवाज येईल म्हणून मी वाट पाहत होते. तो आला नाही.

दोन दिवसांनी तुम्ही मला घरी बोलावलेत आणि तापलेला सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिलात. "वरचा आवाज उतरवायला ट्वीटरच्या वाटेत रोधक घाल. केवढा ते तुझं यंत्र सांगेल. आणि शेवटचं तू ऐक." बस, इतकेच. काकूंनी लाटणे थांबवले आणि तुमच्याकडे पाहिले. रविवारी समितीने पेट्या ठेवून घेतल्या. कार्यवाह तुमचा हात हातात घेऊन बोलत होते. तुम्ही सर्वांत मागच्या रांगेत जाऊन बसलात आणि मला खुणेने विचारलेत, ठीक आहे ना? मी मान डोलावली. त्यानंतर तुम्ही एकही पेटी कानाने लावली नाहीत.

काल मी वही उघडली. मिठागराच्या पानावर आठ ओळींपुढे तुमची लाल खूण आहे. नवव्या ओळीपुढे नाही. फुलीही नाही. ती जागा तुम्ही मोकळी ठेवलीत. मी पेन घेऊन त्या ओळीखाली खरा आकडा लिहिला: तोडला तेव्हा सूर अकरा हजारांवर होता. खूण करायला आता कोणी नाही. ही पाने त्याच पानात घडी घालून ठेवते.

एक गोष्ट मात्र वहीत लिहिता आली नाही. काकूंना मी हे मागे एकदा सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मन राखलंस हो त्यांचं." तुमचा हात खाली आला आणि सूर माझ्या कानात चालूच होता, तेव्हा मला आधी दया आली नव्हती, सर. आधी ते चार तुकडे आठवले होते. आणि पाच हजारांपासून अकरा हजारांपर्यंत मी कळ सोडली नाही, कारण तेवढा वेळ मला बरे वाटत होते.