तू तिला सांगितलंस ते

आई, तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली आणि मला अजून त्या बाईचा हेवा वाटतो. तुझ्या डमडमच्या शाळेतली ती नवी शिक्षिका, माझ्याहून जेमतेम पाच वर्षांनी मोठी. रविवारी सकाळी ती घरी आली, तेव्हा तू वाटाणे सोलत होतीस. "तू आत जा," मला म्हणालीस. स्वयंपाकघराला दार नव्हतं, पडदा होता. ती बराच वेळ रडते आहे. मग म्हणते, "दीदी, मेरी इज्जत चली गई." तू तुझ्या मोडक्या हिंदीत विचारतेस, "बुरा काम उसने किया, और इज्जत तुम्हारा गया?" रडता रडता ती तुला सुधारते, "गई, दीदी." आणि तुम्ही दोघी हसता.

त्यानंतर तू 'बलात्कार' म्हणालीस. हळू, स्पष्ट. हे त्याच्या गुन्ह्याचं नाव आहे, तुझं नव्हे, असं तिला समजावलंस. बोलावंसं वाटेल तेव्हा बोल, नाही वाटलं तर मी विचारणार नाही, असंही. आपल्या घरात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. पेपरात तो आला की तू 'तसली बातमी' म्हणून पान उलटायचीस.

दोन वर्षांनी, मी कॉलेजात असताना, त्याच स्वयंपाकघरात तुला सांगितलं, की काकांनी मला धरलं, नको म्हटलं तरी सोडलं नाही. काका म्हणजे बाबांच्या खिदिरपूरच्या कस्टम्स ऑफिसातले, दर शनिवारी येणारे. तू गॅस बारीक केलास. "असं काहीतरी बोलू नये. घरच्यासारखे आहेत ते." थोड्या वेळाने म्हणालीस, "यापुढे चहा मी नेईन." आणि नेलास, त्यांची बदली होईपर्यंत, दर शनिवारी. मी एकदाही त्यांच्यासमोर गेले नाही. हे मी विसरलेले नाही. पण तिला तू समोर बसवून सगळ्याचा अर्थ सांगितलास आणि माझ्यासाठी नुसता चहा नेलास. माझ्या बाबतीत जे झालं ते बलात्कार नव्हतं. मग काय होतं, ते मी पुढे कायद्याच्या पुस्तकात शोधलं. तिथे 'विनयभंग' होतं. तो शब्द मला आवडला नाही. जणू विनय जपायचं काम माझं होतं.

आता एस्प्लनेडच्या आमच्या ऑफिसात मी तक्रार समितीवर आहे. परवा नागपूरहून बदली होऊन आलेली एक मुलगी मराठीत बोलता येईल म्हणून माझ्याकडे आली. "मॅडम, साहेब जरा जास्त मस्करी करतात." काय करतात ते विचारलं. तिने सांगितलं. मी म्हणाले, "ही मस्करी नाही, लैंगिक छळ आहे. पण तक्रार तुझी आहे. कागदावर काय लिहायचं ते तू ठरव." ती पाणी प्यायली, खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी म्हणाली, "छळ लिहा." मग विचारलं, "इतकं सरळ बोलायला कुठे शिकलात?"

"आईकडून."

"नशीबवान आहात."

मी हो म्हणाले. खोटं नव्हतं ते, फक्त जिला तू शिकवत होतीस ती मी नव्हते. हे पत्र पाठवता आलं असतं, तर पुढचं वाक्य लिहिलं नसतं: त्या मुलीने तक्रारीवर सही करेपर्यंत मला तिचाही हेवा वाटत होता.